पुढचं डावं चाक

बाबा गेले आणि त्यांची जुनी गाडी मेकॅनिक मुलाकडे आली. जरा चालवली, की पुढचं डावं चाक हात लावू नये इतकं तापायचं. चाक आवळून धरणारा ब्रेकचा कॅलिपर जाम, दुसरं काय! त्याने पिस्टन घासून सोडवला, सील बदललं. चाक पुन्हा तापलंच.

“मेकॅनिक झालास म्हणून गाडी चालवता येते होय?” असं म्हणत बाबा जन्मभर शेजारच्या सीटवर बसून पायाने नसलेला ब्रेक दाबायचे.

वैतागून त्याने कॅलिपरच काढून बाजूला ठेवला आणि जॅकवरचं मोकळं चाक हाताने फिरवलं. ते कचकन थांबलं.

त्याने दार उघडलं. शेजारच्या रिकाम्या सीटपुढची रबरी मॅट पावलाएवढी दबलेली होती.

“आता तरी पाय उचला की, बाबा!”

मॅट आणखी खोल दबली.