डब्यावरची काकू

"आई, दुकानात काकू सापडली!" फोनच्या पडद्यावर सोनम हसत होती. मागं हॉलंडमधलं तिचं स्वयंपाकघर.

सिंधुबाईंनी बांधावर बसल्या बसल्या फोन लांब धरला. शेजारी धाकटी जाऊ विमल द्राक्षांचे घड क्रेटमध्ये लावत होती. तिचे हात थांबले.

सोनमनं द्राक्षांचा डबा पुढं केला. डब्यावरचा काळ्या ठिपक्यांचा चौकोन तिनं नवऱ्याच्या मोबाइलनं टिपला होता. त्यातून इंदापूर तालुक्याचा नकाशा आला, बोरी गाव आलं आणि वेलीखाली उभी असलेली विमल आली.

"खाली काय लिवलंय गं?" विमलनं मान पुढं काढली.

"ही द्राक्षं या बाईंनी वाढवली, असं लिहिलंय काकू."

"अगं बया!" विमलनं पदर तोंडाला लावला.

सिंधुबाईंना ते लाजणं बघवेना. दोघींच्या बागा एका बांधाला, पाणी एका विहिरीचं. कंपनीची माणसं कॅमेरा घेऊन आली तेव्हा त्यांनी आधी सिंधुबाईंनाच विचारलं होतं. "आमाला न्हाय जमायचं फोटोबिटो," म्हणून त्या मानानं बसून राहिल्या. आणखी दोनदा विचारतील, आग्रह करतील, मग उठू. त्या माणसांनी एकदाच विचारलं आणि बांध ओलांडला. विमलकडं धड साडी नव्हती. तीही सिंधुबाईंनीच दिली, सोनमच्या लग्नाला बारामतीत घेतलेली अंजिरी, जरीकाठाची. देताना मोठेपणा वाटला होता.

तेवढ्यात सोनमची चिमुकली ओवी पडद्यात घुसली. तिनं फोटोवर बोट ठेवलं. "आजी!"

"ती न्हाय गं बाय! ही, ही तुजी आजी." सिंधुबाईंनी फोन इतका जवळ आणला, की तिकडं नुसतं नाक दिसलं असणार. ओवीनं पुन्हा फोटोवरच बोट ठेवलं.

सोनमचं हसू ओसरलं. "मलापण आधी तूच वाटलीस, आई. साडी दिसली ना. मला सासरी पाठवताना तू हीच नेसली होतीस. मग फोटो मोठा करून बघितला, तर काकू."

"मग गं?"

"मग काय. परत बारीक केला."

फोन बंद झाला. विमल खाली मान घालून घड लावू लागली.

"साडी कवा देतीस माजी?" सिंधुबाई म्हणाल्या.

"देते की अक्का. धुऊन, इस्त्री करून..."

"तशीच दे. आत्ता."

संध्याकाळी म्हैस धारेला उभी राहीना. समोरची जरीकाठाची बाई तिच्या ओळखीची नव्हती. सिंधुबाईंनी तिला थोपटलं, पदर नीट केला आणि चरवी गुडघ्यांत धरली. फोन खांबाला टेकवलेला होता, कॅमेरा आपल्याकडं करून. हॉलंडात अजून दुपारच होती.