दुमडलेलं पान

माझी शाळेपासूनची मैत्रीण रत्नमाला, तिच्या वरठीतल्या नव्या घरासाठी मला एक भेट द्यायची होती: जादूच्या राज्याची पाच भागांची कादंबरी. लाखनीला हायवेवर ताराचंदभाऊंच्या नव्या-जुन्या पुस्तकांच्या दुकानात तिच्या दोन आवृत्त्या होत्या. जुनी कापडी बांधणीची होती आणि नवी प्लॅस्टिकमध्ये सीलबंद.

मी जुनीच घेणार होते. पण तिसऱ्या भागात एक पान दोनदा दुमडलेलं दिसलं. आधी कोपरा, मग त्या कोपऱ्याचं टोक उलटं. असं पान फक्त रत्नमाला दुमडते, शाळेपासून.

"हा सेट कोनं विकला, भाऊ?"

"नागपूरच्या रद्दीत आला, रश्मीताई. कोनाचा होता, मले काय मालूम?"

मला ते पटलं नाही. महिन्यापूर्वीच रत्नमाला म्हणाली होती, "मी नाही वाचली वं ते." मग माझ्याशी खोटं कशाला? तिचाच विकलेला सेट तिला परत कसा देणार? मी नवी आवृत्ती घेतली.

घरी येऊन प्रत्येक भागावर 'सप्रेम जयभीम' लिहायला बसले. एकेकाचं प्लॅस्टिक फाडत गेले. पहिले तीन अगदी कोरे होते. चौथ्याच्या मधोमध एक पान दुमडलेलं होतं. आधी कोपरा, मग टोक उलटं.

मी ते पान सरळ केलं, बोटाने दाबलं आणि पुस्तक मिटलं.

लगेच फोन वाजला. रत्नमालाचा होता.

"काहून मिटवलं वं?" ती म्हणाली. "मी वाचून राहिली होती ना."