मानेचा पट्टा

"कुत्रं आडवं आलं," लेक भेटेल त्याला तेच सांगत होती. गाडी चालवताना ती मोबाईल बघत होती, हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नसल्याची तिला खात्री होती. बाबा तर शेजारच्या सीटवर झोपले होते ना.

आता ते मानेला पट्टा लावून खाटेवर पडले होते. डॉक्टरबाईंनी मानेच्या मधल्या हाडावर बोटं टेकवली. "इथे दुखतंय का, काका? दुखत नसेल तर स्कॅनची गरज नाही."

"छे हो! गाढ झोपेत होतो, धक्कासुद्धा कळला नाही. आधी हिला पाणी द्या, तोंड बघा कसं उतरलंय."

लेकीच्या जिवात जीव आला. डॉक्टरबाईंनी तिला पाणी प्यायला बाहेर पाठवलं. परत येताना ती पडद्यापाशीच थबकली.

"काका, आता खरं सांगा."

"दुखतंय हो, फार दुखतंय. करा स्कॅन. तिला मात्र म्हणा, सगळ्यांचाच करतो."

"आणि धक्का कळला नाही म्हणालात, शुद्ध हरपली होती का?"

 

"नाही हो, टक्क जागा होतो. पण तेवढं तिला कळू देऊ नका."