हयात

नवरा मेल्याचं सांगून तांडापेठेतली चंद्रकला निराधार विधवांचं अनुदान घेत होती. कुणीतरी तक्रार केली आणि चौकशी मारोतरावांकडे आली. खोट्या विधवा शोधून काढण्यात तहसील कचेरीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

ते घरात शिरले, तेव्हा ती हातमागाजवळ सुताच्या कांड्या भरत होती.

"बाई, तुमचा नवरा जिवंत आहे. हिंगण्याले कारखान्यात कामाले आहे. मी भेटलो त्याले. आता अनुदान बंद."

बाई रडेल, पाया पडेल, असं त्यांना वाटलं होतं. ती उठली आणि तिनं आधी दाराला आतून कडी लावली. मग पोरींना मागच्या खोलीत ढकललं.

"बंद करा साहेब, जेलात टाका. पण त्याले माहा पत्ता तं नाही ना सांगितला?"

तिचा पदर ढळला होता. कानापासून गळ्यापर्यंत भाजल्याचे वण होते.

मारोतरावांनी कडी लावलेल्या दाराकडे पाहिलं. तिचा नवरा जागेश्वर किती गरीब वाटला होता! बायकोची ओळख पटवून देतो म्हणाला आणि त्यांच्याच स्कूटरवर मागे बसून आला.

दारावर हलकी थाप पडली, मागोमाग बाहेरून आवाज आला.

"साहेब, तुमचं काम झालं. तुमी जा आता. पुढचं मी पाहून घेतो."