या आठवड्याचा किस्सा

बाबांच्या दाराबाहेर बूट काढता काढता त्याला आतून स्वतःचाच आवाज ऐकू आला.

“...तर मंडळी, आमचे बाबा एका अनोळखी माणसाच्या शोकसभेत पहिल्या रांगेत जाऊन बसले. मनसोक्त रडले. घरच्यांचं सांत्वनसुद्धा केलं. आणि बाहेर आल्यावर कळलं, आपल्या मित्राची सभा शेजारच्या हॉलमध्ये होती!” पाठोपाठ त्याच्या पॉडकास्टमधल्या जोडीदाराचं सातमजली हसणं.

व्हायचं ते होऊन चुकलं होतं. सकाळीच ताईचा फोन आला होता. “बाबांना नवा फोन घेऊन दिलाय. त्यात तुझा पॉडकास्टही लावून दिलाय. ऐकू दे त्यांनाही, चिरंजीव काय दिवे लावतात ते.” अर्ध्या दिवसाची रजा टाकून चिरंजीव धावत सुटले होते. काहीतरी निमित्त काढून फोन हातात घ्यायचा आणि ते सगळं पुसून टाकायचं, एवढाच बेत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काही खोटं नाही.

खरं तर पॉडकास्टवर त्याने जगण्याचे धडे द्यायला घेतले होते. पहाटे उठा, राग आवरा, आईवडिलांना वेळ द्या. गुरुजी स्वतः नऊ वाजल्याशिवाय उठत नसत. ऐकणारे म्हणजे जोडीदार आणि बायको, आणि बायकोला ते ऐकताना छान झोप लागे. आईवडिलांना वेळ देण्याचं म्हणाल, तर आई केव्हाच गेली होती आणि बाबांना दर शुक्रवारी एक फोन जायचा. जेवलात का, औषध घेतलं का, बरं, ठेवतो.

अशाच एका शुक्रवारी बाबांनी बँकेची गंमत सांगितली. त्यांनी बँकेला फोन लावला होता. यंत्रातली बाई म्हणाली, कृपया प्रतीक्षा करा. हे म्हणाले, सावकाश होऊ द्या, मला काही घाई नाही. मग बराच वेळ तिच्याशी गप्पा मारून, शेवटी तिच्या तब्येतीची चौकशी करून त्यांनी फोन ठेवला. ऐकताना त्याची हसून मुरकुंडी वळली. पुन्हा पुन्हा विचारून त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, आणि पुढच्या भागात धडा बाजूला ठेवून तोच किस्सा रंगवून सांगितला.

लोक तुटून पडले. धडे गुंडाळले गेले. नुसत्या गप्पा, आणि शेवटी बाबांचा किस्सा. बाबांनीही त्याला कधी रिकाम्या हाताने पाठवलं नाही. रिमोट फ्रिजमध्ये आणि लोणी टीव्हीपाशी. एका पायात काळा बूट, दुसऱ्या पायात तपकिरी. शुक्रवारचा फोन आता लांबत चालला होता. मात्र तो कशासाठी विचारतोय, याचा बाबांना पत्ता नव्हता.

माईकसमोर हसताना त्याला जुने बाबा आठवायचे. बाबांनी जन्मभर डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केली होती. केसाएवढा स्क्रू कधी हरवला नव्हता की गिऱ्हाइकाला दिलेली वेळ कधी चुकली नव्हती. त्या माणसाचं त्याने चारचौघांत हसं करून ठेवलं होतं. ताईने तर तोंडावर सुनावलं होतं, “जनाची नाही, निदान मनाची तरी ठेव.” तेव्हा तो म्हणाला होता, “अगं, मी प्रेमानेच सांगतो.” त्याचं त्यालाही ते पटलं नव्हतं.

तो आत गेला. बाबा खिडकीपाशी बसले होते. जुन्या घड्याळाची टिकटिक ऐकावी तसा त्यांनी फोन कानाशी धरला होता. चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्याची चाहूल लागताच त्यांनी फोन खाली घेतला आणि चाचपडत आवाज बंद केला.

“अरे, तू? आज शुक्रवार नाही ना?”

त्या साध्या प्रश्नाने त्याचा उरलासुरला धीर सुटला. तो त्यांच्या पायाशी खालीच बसला. फोन पुसायचा बेत कुठल्या कुठे गेला.

“बाबा, चुकलं माझं. तुम्ही विश्वासाने सांगायचात आणि मी जगाला हसवायचो. तुमच्या वयाचीसुद्धा लाज बाळगली नाही मी. आजपासून बंद. तुमचा एकही किस्सा कुणाला सांगणार नाही. तुम्हालाही कधी विचारणार नाही.”

बाबा रागावतील किंवा सुटकेचा श्वास टाकतील, असं त्याला वाटलं होतं. दोन्ही झालं नाही. त्यांचा चेहराच उतरला.

“विचारणारच नाहीस?”

“नाही बाबा. शब्द देतो.”

बाबांनी सदऱ्याच्या बाहीने फोनची काच पुसली. स्वच्छच होती, तरी पुन्हा पुसली.

“निदान या आठवड्याचा तरी ऐकून जा,” ते हळूच म्हणाले. “दाढीच्या साबणाचा आहे. फार छान जमलाय.”

“जमलाय म्हणजे?”

बाबा ओशाळले. चोरी पकडली गेलेल्या पोरासारखे खिडकीबाहेर बघत राहिले.

“तो बँकेचा तेवढा खरा होता रे. त्या दिवशी तू पहिल्यांदाच फोन ठेवायची घाई केली नाहीस. मग बाकीचे मी रचत गेलो.”