तापलेली पुंगळी

"नळी बदलता येते, दस्ता लांब-आखूड होतो, दुर्बीण नंतरही बसवता येईल," बंदुकीच्या दुकानात काउंटरवर रायफलीचे भाग सुटे करत इनामदारकाका सांगत होते. शलाकाची ही पहिलीच सेमी-ऑटोमॅटिक, पण पोरीचं त्यात लक्षच नव्हतं.

"काका, गोळी सुटल्यावर रिकामी पुंगळी कुठून बाहेर पडते?"

"उजवीकडून. पण हिची बाजू बदलता येते, डावखुऱ्यांसाठी."

शलाकाचा हात आपसूक मानेवर गेला. नेमबाजीच्या क्लबात तिच्याबरोबर सराव करणारा राजवर्धन कायम मुद्दाम तिच्या डाव्या हाताला उभा राहायचा, आणि त्याच्या रायफलीतून उडालेली तापलेली पुंगळी तिच्या कॉलरमध्ये शिरली, की ती जागच्या जागी नाचायची आणि हा सगळ्यांना हाका मारायचा, "या रे, लावणी सुरू झाली." वर्षभर मानेवर डाग घेऊन फिरली ती.

"डावीकडून करून द्या."

"डावखुरी आहेस होय?"

"नाही."

काकांनी हातातला भाग खाली ठेवला. "अगं, मग पुंगळी आधी तुझाच गाल भाजून जाईल."

"भाजू दे की. पुढं शेजारच्याच्या मानेवर पडेल ना, तेवढं सांगा."