खाली ठेवलेला पेला

उस्ताद वसीमनं कॉफीचा पेला ओठांपर्यंत नेला, वेलचीचा वास घेतला आणि एक घोटही न घेता तो समोर गालिच्यावर ठेवून दिला.

पडद्याआड मुलीसोबत उभ्या असलेल्या सुरय्यानं ते पाहिलं. बैठकीत तिच्या नवऱ्याची, अबू नायफची, पाठ ताठ झाली.

वादी मूसा गावात याचा अर्थ लहान पोरंही जाणतात. पाहुण्यानं कॉफी न पिता खाली ठेवली, म्हणजे तो काही मागायला आला आहे. यजमान ‘दिलं’ म्हणेपर्यंत तो पेल्याला शिवत नाही. मुलीला मागणी घालताना असं करतात, खुनाचं वैर मिटवतानाही करतात. आणि पाहुण्याची कॉफी तशीच निवू देणारा यजमान पुन्हा चारचौघांत मान वर करून बसू शकत नाही.

अडचण एवढीच होती की आज मागणारं हे घर होतं.

पर्यटक येईनासे झाले तसं हॉटेलला टाळं लागलं. त्या टाळ्यात अबू नायफची बस चालवायची नोकरी गेली आणि सुरय्याची धुलाईखात्यातलीही. थोरला मुलगा नायफ काम शोधायला अकाबाला निघून गेला. राजधानीतल्या अर्थतज्ज्ञांनी याला मंदी म्हणावं की नाही यावर पुष्कळ विचार केला, आणि मग सरकारनं कष्टकरी कुटुंबांसाठी ‘खांद्याला खांदा’ नावाची योजना काढली. हॉटेल उघडेपर्यंत अर्धा पगार सरकार देणार. अबू नायफचा अर्ज पुढे सरकला होता. घर पाहून अधिकाऱ्यानं सही करायची तेवढी बाकी होती, आणि त्यासाठीच मंत्रालयातून हा वसीम आला होता; साहेब म्हणतात तसं इथं अदबीनं ‘उस्ताद’ म्हणतात. सही झाली तर मुलीचं, हालाचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष पुरं होणार होतं. नाही झाली तर रविवारी, आठवडा सुरू होताच, ती कॉलेजातून नाव काढून घेणार होती.

“आई, त्यानं पेला ठेवला,” हाला कुजबुजली.

“दिसतंय मला.”

“मला मागतोय की काय? अगं, त्याच्या बोटात अंगठी आहे.”

“भावासाठी मागत असेल. गप्प बस, आणि केस झाक.”

“मग भाऊ कसा दिसतो ते तरी आधी विचारा.”

सुरय्यानं तिला चिमटा काढला. पण तिच्याही मनात लाडू फुटायला लागले होते. मंत्रालयातला सोयरा! म्हणजे सही घरातच.

“प्या उस्ताद,” अबू नायफ म्हणाला. “जे मागायला आलात ते दिलं.”

काय हवंय ते न विचारताच देणं, ही त्यातली वरची पायरी. अबू नायफच्या वडिलांनी अशीच एका पाहुण्याला गोड्या पाण्याची विहीर देऊन टाकली होती. घरात त्याचा अजून अभिमान होता. पाणी मात्र विकत यायचं.

वसीमनं पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला.

“अल्लाह तुमची बरकत वाढवो, काका. तुमचा अर्ज मागे घ्या.”

“काय?”

“गुरुवारी मंत्रिसाहेबांचं भाषण आहे. योजनेमुळे किती कुटुंबं स्वतःच्या पायांवर उभी राहिली, ते सांगायचंय.” त्यानं एक कागद पुढे सरकवला. “यात लिहिलंय, आम्हाला आता मदतीची गरज उरलेली नाही. खाली फक्त सही करा.”

“पण मदत मिळालीच कुठाय अजून?”

“तेच तर! न मिळताच उभे राहिलात. साहेबांना फार आवडेल. वरची सगळी गल्ली सकाळपासून उभी राहिली, काका. त्या कोपऱ्यावरच्या विधवा आजीसुद्धा. तुम्हीच तेवढे बसलेले होतात.”

अबू नायफनं रिकाम्या पेल्याकडे पाहिलं. अर्ज मागे घेता येत होता; शब्द मागे घेता येत नव्हता. त्यानं सही केली. हाला आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

सुरय्या पडदा सारून बाहेर आली. परक्या पुरुषाला बाईनं कॉफी ओतावी अशी रीत नव्हती. तिनं नवऱ्यासमोरची कॉफीची सुरई घेतली आणि वसीमचा पेला भरला. पुरे म्हणायचं असेल तर पेला बोटांत हलवून परत द्यायचा असतो. वसीमला ते ठाऊक नव्हतं. तो दुसरा पेला प्यायला. तिनं आणखी भरला. तिसराही प्यायला, आणि वेलचीचं कौतुक केलं.

“उस्ताद,” सुरय्या म्हणाली, “पहिला पेला पाहुण्याचा. दुसरा मौजेचा. तिसरा तलवारीचा. तो ज्याच्या घरी प्यायचा, त्याच्या वाईट दिवसांत त्याच्या बाजूनं उभं राहायचं. अबू नायफनं पहिल्या पेल्याचा मान राखला. आता तिसऱ्याचा तुम्ही राखा. फाडा तो कागद.”

अबू नायफनं मान वर केली. बाई खरं तेच बोलत होती. त्या पेल्यापायी त्याच्या आजोबांच्या पिढीतली माणसं जिवानिशी गेली होती. आतलं दार किंचित किलकिलं झालं.

वसीम हसला. त्या हसण्यात दुष्टावा अजिबात नव्हता. त्यानं कागदाची नीट घडी घातली, ती खिशात ठेवली, उंबऱ्याशी जाऊन बूट चढवले आणि अदबीनं छातीवर हात ठेवला.

“राग मानू नका, काकू. तुमच्या चालीरीती शिकवायला मंत्रालयानं आमचं चांगलं मोठं शिबिर ठेवलं होतं. पण मंदी आहे ना, खर्चकपातीत ते पहिल्या पेल्यावरच आटोपलं.”